घरामागचे गॅरेज : कामगाराच्या फुरसतीचा एक इतिहास

आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीत केस पांढरे केलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन मोटारींच्या हौसेवर काय म्हणून बोलावे? मोटार ही पैसेवाल्याची चीज आणि हौस ही रिकामटेकड्याची, असा आपला सर्वसाधारण समज. आमचे शिक्षण बेताचे. जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून. परंतु अमेरिकेतील मोटार-कामगारांचा इतिहास वाचीत असता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आणि ती काही केल्या मनातून जाईना. तेथील पुष्कळ कामगारांच्या घरामागे वा घराला लागून एक गॅरेज असते, आणि सुट्टीच्या दिवशी हा माणूस तेथे एखादी जुनी मोटार उघडून बसतो. आठवडाभर यंत्रापुढे उभे राहून अंग आंबलेला माणूस सुट्टी मिळताच आपण होऊन पुन्हा मोटारीखाली का शिरतो? कोणी पगार देत नाही, कोणी मुकादम मागे उभा नाही. मग का? या एका प्रश्नाचा माग काढावयाचा आहे.

प्रथम १८९६ सालच्या डेट्रॉइट शहरात जाऊ. बॅग्ली ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर ५८ क्रमांकाच्या घरात हेन्री फोर्ड नावाचा बत्तीस वर्षांचा इंजिनिअर भाड्याने राहत होता. दिवसा एडिसन कंपनीच्या वीजघरात नोकरी, आणि रात्री घरामागच्या विटांच्या कोठीत ठोकाठोक. मित्र मदतीला येत. ४ जूनच्या पहाटे गाडी तयार झाली. चाके सायकलीची, वजन सुमारे ५०० पौंड, वेगाचे टप्पे दोन, आणि गाडी मागे घेण्याची सोय मुळीच नाही! बाहेर काढावयास गेले तो ती दारातून मावेना. फोर्डने कुऱ्हाड घेतली, दाराजवळच्या विटा फोडल्या आणि गाडी रस्त्यावर आणली. घर भाड्याचे होते, हे येथे विसरू नये. पुढे ही गाडी त्याने २०० डॉलरना विकली, आणि नावलौकिक झाल्यावर तीच ६५ डॉलरना परत विकत घेऊन जपून ठेवली. म्हणजे ज्या उद्योगाने पुढे लाखो माणसे नोकरीला लावली तो उद्योग एका पगारी नोकराच्या रात्रीच्या हौसेतून आणि घरामागच्या कोठीतून निघाला. मोटारीचे माहेर कारखाना नव्हे, घर आहे.

मग मोटार सासरी गेली आणि तेथे काय झाले हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. १९०८ च्या ऑक्टोबरात फोर्डची ‘मॉडेल टी’ बाजारात आली. किंमत ८५० डॉलर. मागणी एवढी की माल पुरेना. तेव्हा १९१३ साली हायलँड पार्क येथील कारखान्यात जुळणीचा फिरता पट्टा सुरू झाला. आरंभ झाला मॅग्नेटो नावाच्या एका भागापासून. एक कारागीर तो सगळा भाग सुमारे २० मिनिटांत जुळवीत असे. तेच काम २९ जणांत वाटून दिले; नगामागे वेळ १३ मिनिटे १० सेकंदांवर आला, आणि आणखी सुधारणा करता करता ५ मिनिटांवर. पुढे सांगाड्याच्या जुळणीचेही तसेच. जेथे साडेबारा तास लागत तेथे १ तास ३३ मिनिटे लागू लागली. आकडे डोळे दिपविणारे आहेत आणि त्यामुळेच मोटार स्वस्त झाली, हेही आम्ही मान्य करतो. १९२५ साली या मॉडेलचा सर्वांत स्वस्त नमुना २६० डॉलरना मिळत होता.

परंतु त्या २९ जणांचे काय झाले? कालपर्यंत ज्याला ‘मॅग्नेटो करणारा’ म्हणत तो आज अमुक दोन बोल्ट अडकविणारा झाला. त्याच्या शेजारी फक्त चाकी फिरविणारा. संपूर्ण वस्तू कोणाच्याच हातात उरली नाही. माणसे कंटाळून पळू लागली. १९१३ साली शंभर जागा भरलेल्या ठेवावयास वर्षभरात ३७० माणसे घ्यावी लागत, अशी गळती होती. ५ जानेवारी १९१४ रोजी कंपनीने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले ते या गळतीवर घातलेले बूच होते. आपल्याकडील व्याख्यानांतून हे पाच डॉलर उदारपणाचा दाखला म्हणून सांगतात. त्याबरोबर एक खातेही निघाले, हे सांगत नाहीत. या खात्याचे निरीक्षक कामगारांच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, माणूस दारू पितो का, पैसे शिल्लक टाकतो का, याची नोंद करीत, आणि त्यावर त्या पाच डॉलरांतील वाढीव हिस्सा द्यावयाचा की नाही हे ठरे. कारखान्यात बोलावयाची बंदी होती, म्हणून ओठ न हलविता बोलण्याची एक विद्याच कामगारांनी साध्य केली. तिला ‘फोर्डची कुजबुज’ म्हणत. ज्या माणसाचे हात वाटून घेतले, तोंड बंद केले आणि उंबऱ्याच्या आतही ज्याच्यावर नजर ठेवली, त्या माणसाला पुढे घरामागचे गॅरेज का प्रिय झाले असेल, याचा विचार श्रोत्यांनी करावा.

आता फुरसतीकडे वळू, कारण फुरसत नाही तेथे हौस नाही. आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १० जून १८९० रोजी गिरणी-कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी कामगाराला वार असा नव्हताच. अमेरिकेतही फुरसत आयती मिळाली नाही. फोर्डने १९२६ साली पाच दिवसांचा आठवडा केला हे खरे. माणसाला मोकळा वेळ नसेल तर तो मोटार घेईलच कशाला, असा त्याचा उघड हिशेब होता. दुसऱ्या बाजूने ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंट गावात जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच बैठक मारली. कडाक्याच्या थंडीत ४४ दिवस ते आत बसून होते. त्यांची एक मोठी तक्रार पट्ट्याच्या वाढत्या वेगाविषयी होती. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीने युनियनला मान्यता दिली. १९३८ साली कामाच्या तासांचा कायदा झाला आणि त्यानुसार १९४० पासून आठवड्याचे ४० तास ही मर्यादा ठरली; वर काम घेतल्यास दीडपट मजुरी. शनिवार-रविवार मोकळे झाले. घरामागच्या गॅरेजचा दिवा रात्री जळू लागला तो या लढ्यांच्या तेलावर, असे आम्ही म्हणतो ते केवळ युनियनचा माणूस म्हणून नव्हे.

वेळ मिळाला, गाडी कोठून आली? ती त्याच पट्ट्याने पुरविली. १९२७ पर्यंत मॉडेल टी दीड कोटींच्या वर निघाल्या होत्या. त्या जुन्या होऊन भंगारात पडू लागल्या आणि कोणाही पोराला परवडू लागल्या. शिवाय ही गाडी उघडावयास सोपी. इंजिनाचे हेड बोल्ट सोडून वेगळे निघे, म्हणजे आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन डोळ्यांपुढे. खेड्यातला शेतकरी हिच्या चाकाला पट्टा लावून लाकूड कापीत असे. पाठोपाठ १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-एट इंजिन काढले, आणि तेही सामान्यांच्या किमतीत. हे इंजिन आमच्या कथेतील दुसरा नायक.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या ईशान्येस वाळवंटात काही कोरडी तळी आहेत. पाणी आटून तळ सिमेंटसारखा कडक आणि मैलोगणती सपाट. म्युरॉक नावाच्या अशा एका तळ्यावर आसपासची तरुण मंडळी आपल्या घरी सजविलेल्या गाड्या पळविण्यास जमत. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना केली, नियम केले, वेळ मोजण्याची व्यवस्था केली. पुढे या गाड्यांना ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. ही माणसे गॅरेजमध्ये करीत तरी काय, ते जरा सविस्तर सांगतो. यंत्रकामाची आवड असलेले श्रोते येथे पुष्कळ आहेत असे दिसते.

प्रथम मडगार्ड, बॉनेट, जे जे वजन वाढवील ते सारे काढून टाकावयाचे. मग इंजिन बाहेर घ्यावयाचे. छताच्या तुळईला साखळी आणि चेनपुली लावून ते उचलीत. तुळई नसेल तर अंगणातले झाड. हेडचा तळ मिलिंग करून पातळ केला की स्फोटापूर्वी मिश्रण जास्त दाबले जाते आणि ताकद वाढते. मूळ इंजिनाला कार्ब्युरेटर एक. तेथे दोन किंवा तीन बसवावयाचे. कॅमशाफ्टचे उंचवटे नव्या आकारात घासून घ्यावयाचे, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक उघडे राहतात. सगळ्यांत नाजूक काम वायूच्या वाटा रुंद करण्याचे. व्ही-एटमध्ये जळलेला वायू बाहेर जाण्याची वाट इंजिनाच्या ओतीव अंगातूनच, पाण्याच्या पोकळीला लागून जाते. म्हणूनच हे इंजिन लवकर तापे. ती वाट हाताने घासून मोठी करताना हात जरा जास्त दाबला की पोकळीला भोक पडे आणि सगळे इंजिन भंगारात. हे काम पुस्तकात वाचून येत नाही. बोटांच्या टोकांनी ओतीव लोखंडाची जाडी ओळखावी लागते.

त्यांतले काही जण तर असे निघाले की कंपन्यांच्या इंजिनिअरांनी त्यांच्याकडून शिकावे. एड इस्केंडेरियन याने महायुद्धानंतर कॅमशाफ्ट घासण्याचे यंत्र स्वतः उभारले आणि त्यातून मोठा धंदा निघाला. स्टुअर्ट हिलबॉर्न याने कार्ब्युरेटर काढून टाकून इंधन थेट फवारण्याची युक्ती बसविली, आणि १९४८ साली कोरड्या तळ्यावर ताशी १५० मैलांचा आकडा ओलांडला. युद्धाचाही यात वाटा आहे. १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत घरगुती मोटारींचे उत्पादन बंद झाले. हजारो तरुण विमानांच्या कारखान्यांत किंवा विमानतळांवर मेकॅनिक म्हणून राबले आणि परतताना ती विद्या घेऊन आले. लढाऊ विमानांच्या पोटाखाली अडकवावयाच्या पेट्रोलच्या टाक्या युद्धानंतर कवडीमोलाने विकल्या गेल्या. बिल बर्क नावाच्या गृहस्थाने १९४६ साली त्या माशाच्या आकाराच्या टाकीतच इंजिन आणि बैठक बसवून शर्यतीची गाडी केली! १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक निघाले. १९५३ साली खुद्द डेट्रॉइटमध्ये, फोर्डच्या गावी, अशा गाड्यांचे ‘ऑटोरामा’ हे प्रदर्शन भरू लागले.

लॉस एंजेलिसच्याच पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या श्रमिकांची वस्ती आहे. तेथल्या तरुणांनी उलटा रस्ता धरला. गाडी वेगाने पळविण्यात त्यांना गोडी नव्हती. ती जमिनीलगत, अगदी हळू, डौलाने न्यावयाची. त्यासाठी डिकीत वाळूची पोती टाकीत किंवा स्प्रिंगा कापीत. १९५८ साली कॅलिफोर्नियात कायदा झाला की चाकाच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली येता कामा नये. तेव्हा १९५९ साली रॉन अगिरे याने विमानांच्या जुन्या मालातले द्रवदाबाचे पंप गाडीला बसविले. बटण दाबले की गाडी वर, पोलीस पुढे गेला की गाडी खाली! कायद्याचे पालनही झाले आणि डौलही राहिला. आमच्या युनियनच्या कामात नियमाच्या अक्षराला धरून काम करणे हे हत्यार आम्ही वापरतो. त्याचे हे मोटारीतले भावंड पाहून आम्हांस फार मौज वाटली. अशा गाड्यांच्या संथ फेऱ्यांवर पुढे तेथील अनेक नगरपालिकांनी बंदी घातली, आणि ती राज्याच्या कायद्याने उठावयास २०२४ चा जानेवारी उजाडावा लागला.

येथे एक कडू गोष्टही सांगावयास हवी. गॅरेज हवे तर घर हवे. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून वसलेल्या लेव्हिटटाउनसारख्या नव्या वस्त्यांत आरंभी करारातच लिहिलेले असे की गोऱ्या वंशाबाहेरच्या माणसाला येथे राहता येणार नाही. म्हणजे पट्ट्यावर शेजारी उभा राहून राबणारा काळा कामगार घराच्या बाबतीत शेजारी नव्हता. आणि गोऱ्या घरात तरी शनिवार कोणाचा मोकळा होता? बाप आणि मुलगा गॅरेजमध्ये, आई स्वयंपाकघरात. चाळीस तासांचा कायदा चुलीला लागू नव्हता. हौसेचा इतिहास लिहिणारे हे पान बहुधा उलटून पुढे जातात.

आतापर्यंत गाडी बदलणाऱ्यांविषयी बोललो. दुसरा वर्ग गाडी मूळ रूपात आणणाऱ्यांचा. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करतात, तसा हे मोटारीचा करतात. इंग्लंडात १९३० साली जुन्या मोटारींचा क्लब निघाला, अमेरिकेत १९३५ साली फिलाडेल्फियात आणि १९३७ साली लॉस एंजेलिसमध्ये. या कामात हिंमत लागत नाही, चिकाटी लागते. गाडी सांगाड्यापर्यंत सोडवावयाची. प्रत्येक नट कोठून निघाला त्याची चिठ्ठी करून डबीत ठेवावयाची, कारण पुन्हा जुळणी करावयाची वेळ दोन-चार वर्षांनी येते. गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवला तर तुटतो; त्याला तेल पाजून आठवडाभर वाट पाहावी लागते. कुजलेला पत्रा कापून नवा ठोकून बसवावयाचा, आणि जुना रंग खरवडताना खालचा मूळ थर सापडला की सोने सापडल्यासारखा आनंद. श्रीमंतांनाही हा नाद आहे. पेबल बीचच्या प्रसिद्ध प्रदर्शनात १९५५ साली प्रथमच युद्धापूर्वीच्या जुन्या गाडीला पहिले बक्षीस मिळाले. ती होती फिल हिल याची १९३१ ची पिअर्स-ॲरो, नात्यातल्याच माणसाची जपलेली. हा फिल हिल पुढे १९६१ साली मोटार शर्यतींचा जगज्जेता झाला, पण पाना हाती धरण्याची त्याला लाज नव्हती. आपल्याकडील जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत मात्र पाटीवर मालकाचे नाव असते आणि ज्या मेस्त्रीने वर्षभर खपून ती गाडी उभी केली तो गर्दीत कोठेतरी उभा असतो. हे आम्हांस सलते.

आता आमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. चळवळीतल्या काही जुन्या मंडळींचे मत असे की ही हौस म्हणजे अफूची गोळी. गॅरेजमध्ये रमणारा माणूस सभेला येत नाही. सभेला माणसे न येण्याचा अनुभव आम्हांसही भरपूर आहे. तरीही हे मत आम्हांस पटत नाही. पट्ट्यावर माणसाला गाडीचा छत्तिसावा तुकडा मिळतो, गॅरेजमध्ये संपूर्ण गाडी मिळते. काम केव्हा थांबवावयाचे, कोठे जास्त वेळ घालवावयाचा, काय चांगले आणि काय वाईट, हे तो स्वतः ठरवितो. कारखान्याने काढून घेतलेला हा अधिकार तो गॅरेजमध्ये वापरून पाहतो, आणि एकदा वापरला की तो कारखान्यातही मागू लागतो. १९७२ च्या मार्चमध्ये ओहायो राज्यातील लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात संप झाला. तेथे ताशी शंभर गाड्या निघत. एका गाडीमागे माणसाला ३६ सेकंद. संपात तरुण कामगार पुढे होते. त्यांच्या गाऱ्हाण्यांत पगारापेक्षा, काम नीट करावयास वेळच दिला जात नाही, याचा भर मोठा होता. ज्याला चांगले काम म्हणजे काय हे माहीतच नाही, त्याच्या मनात ही तक्रार येईल कशी?

मधल्या काळात मोटार पुन्हा बदलली. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले तर वर प्लॅस्टिकचे झाकण दिसते आणि खाली संगणकाच्या पेट्या. बिघाड काय आहे हे कंपनीच्या यंत्राला विचारावे लागते. पूर्वी पट्ट्याने कामगाराच्या हातातली विद्या काढून घेतली. आता मालकाच्या हातातलीही जात आहे. म्हणून २०१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी प्रत्यक्ष मतदान करून गाडी दुरुस्तीची माहिती खुली करण्याचा कायदा मंजूर केला. गंमत अशी की गाडीतल्या संगणकाचे कुलूप उघडणे हा अमेरिकेत ग्रंथ आणि चित्रपट यांच्या स्वामित्वहक्काच्या कायद्याचा भंग ठरत होता. २०१५ साली काँग्रेसच्या ग्रंथपालाने मालकाला दुरुस्तीपुरती सूट दिली, आणि ती दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. आपली गाडी दुरुस्त करावयास ग्रंथपालाची परवानगी! आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले आहे. त्यातून किती निघते ते पाहावयाचे.

मुंबईला या इतिहासाचा एक धागा येऊन मिळतो. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ पासून होता, तो १९५४ साली बंद झाला. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत फियाट आणि तीच पुढे पद्मिनी म्हणून निघत राहिली. आयातीवर निर्बंध असलेल्या त्या काळात नवी गाडी मिळावयास वर्षे लागत, म्हणून जुनीच टिकविणे भाग होते. गल्लोगल्लीचे मेस्त्री त्या सक्तीच्या शाळेत तयार झाले. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त फिटरकडे १९६८ सालची फियाट अकराशे आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून खास नोंदणी होते. नवीन नोंदणीस वीस हजार रुपये लागतात आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्यात फार मोठा फेरबदल झालेला नसावा. आम्ही त्यास नियम वाचून दाखविला. त्याच्या गाडीचे पुढचे एक मडगार्ड त्याने स्वतः पत्रा ठोकून घडविलेले आहे, इंजिन दोनदा बोअरिंग केलेले आहे, आणि दाराची मूठ कुर्ल्याच्या भंगारबाजारातून तीन रविवार हिंडून आणलेली आहे. मूठ मूळचीच, पण दुसऱ्या गाडीची. अर्ज अर्धा भरून त्याच्या टेबलावर पडला आहे. ‘मूळ स्वरूप’ या रकान्यात काय लिहावे, हे तो आम्हांस दर आठवड्याला विचारतो.